आई-बाबांसोबत कॅरिबियन बीच: बोट घ्यावी की गाईड?

पत्र: आम्ही न्यू जर्सीत राहतो. सांगलीहून आई-बाबा आलेत. आई 66 वर्षांची, बाबा 71. फेब्रुवारीत त्यांना आणि आमच्या सहा वर्षांच्या मुलाला घेऊन चार दिवस सेंट थॉमसला जातोय. त्यातला एक दिवस फक्त आमच्यासाठी गाईड घेऊन एखाद्या सुंदर बीचवर घालवायचा विचार आहे. दोन पर्याय मिळालेत. पहिला, कॅप्टनसकट बोट, ती योस्ट व्हॅन डाइक आणि व्हर्जिन गोर्डावरचं ‘द बाथ्स’ दाखवून संध्याकाळी परत आणते. दुसरा, शेजारच्या सेंट जॉन बेटावर गाडी आणि गाईड. नवऱ्याचा ओढा बोटीकडे आहे. आईचे गुडघे दुखतात, तिला पोहता येत नाही, आणि ती पूर्ण शाकाहारी आहे. बाबा कृष्णेत पोहून मोठे झालेले, त्यांना मास्क लावून मासे बघायचेत. पण ते म्हणतात, एवढे पैसे कशाला, तिथे साधी टॅक्सी मिळत नाही का? आणखी एक, आमचं एच-वन (अमेरिकेतल्या नोकरीचा व्हिसा) आणि एच-फोर (त्यावर अवलंबून कुटुंबाचा व्हिसा) यांचं एक्स्टेन्शन झालंय, पण पासपोर्टवरचं स्टॅम्पिंग, म्हणजे व्हिसाचा शिक्का, मुदत संपलेला आहे. काय करावं?

उत्तर: तुम्ही स्टॅम्पिंगचा उल्लेख अगदी शेवटी, सहज केलात. मी मात्र तिथूनच सुरुवात करते, कारण बोटीचा प्रश्न तिथेच निकालात निघतो.

सेंट थॉमस आणि सेंट जॉन ही अमेरिकेची बेटं आहेत. 1917 साली अमेरिकेनं ती डेन्मार्ककडून अडीच कोटी डॉलरच्या सोन्याला विकत घेतली. तिथे गेल्यानं तुम्ही अमेरिकेबाहेर जात नाही. योस्ट व्हॅन डाइक आणि व्हर्जिन गोर्डा मात्र ब्रिटिश व्हर्जिन बेटांमध्ये येतात. बोटीत बसलेल्या माणसाला मधली हद्द जाणवत नाही, सेंट जॉनच्या उत्तर किनाऱ्यावरून योस्ट व्हॅन डाइक समोरच दिसतं. पण तिथे पाय ठेवलात की तुम्ही अमेरिकेबाहेर गेलात, आणि परत येताना नव्यानं प्रवेश घ्यावा लागतो. त्यासाठी एच-वन आणि एच-फोरवाल्यांच्या पासपोर्टवर चालू व्हिसा लागतो. एक्स्टेन्शन मंजूर झाल्याचा कागद, म्हणजे आय-797, हातात असला तरी तो व्हिसा नव्हे. संपलेल्या स्टॅम्पवर परत येण्याची एक सवलत आहे, पण ती कॅनडा आणि मेक्सिकोच्या तीस दिवसांपर्यंतच्या फेरीसाठी. कॅरिबियन बेटांसाठी ती सवलत एफ आणि जे व्हिसावाल्या विद्यार्थ्यांना वगैरे मिळते, तुम्हाला नाही. म्हणजे दुपारी पांढऱ्या वाळूत फोटो काढायचे आणि संध्याकाळी परतीच्या बंदरावर अडकून पडायचं, असा तो सौदा आहे. नवऱ्याला हवं तर कंपनीच्या इमिग्रेशन वकिलाला एक मेल टाकू दे, पण तोवर त्या बोटीचा आगाऊ एक डॉलरही भरू नका.

आणि समजा स्टॅम्पिंग चालू असतं, तरी तुमच्या आईसाठी मी ही सहल सुचवली नसती. द बाथ्स म्हणजे घराएवढे ग्रॅनाइटचे गोल धोंडे एकमेकांवर रेललेले, आणि त्यांच्या फटींतून वाकून, दोर धरून, लाकडी शिड्या चढून जाण्याची वाट. बोटी किनाऱ्याला लागतच नाहीत. लांब बांधून ठेवतात आणि शेवटचं अंतर पोहून जायचं असतं. योस्ट व्हॅन डाइकच्या व्हाइट बेवरही साधारण तसंच. तिथल्या एका प्रसिद्ध बारचं नावच ‘सॉगी डॉलर’ आहे, कारण लोक बोटीवरून पोहत येतात आणि खिशातल्या ओल्या नोटा काउंटरवर ठेवतात. आता विचार करा, तुम्ही सगळे पाण्यात, आणि आई डोलणाऱ्या बोटीवर एकटी, पर्स आणि टॉवेल सांभाळत बसलेली. आपल्याकडे आया असं दिवसभर बसतात आणि ‘मला काही नाही, तुम्ही मजा करा’ म्हणतात. ज्या दिवसाचे पैसे तुम्ही तिच्यासाठी मोजताय, त्या दिवशी तरी तिच्यावर ही वेळ येऊ नये असं मला मनापासून वाटतं.

तेव्हा सेंट जॉन. फक्त कुटुंबासाठी गाईड घेण्यात अर्थ एवढाच असतो की दिवसाची गती तुमच्यातल्या सगळ्यात सावकाश माणसाला धरून ठरवता येते. ग्रुप टूरमध्ये ते होत नाही, बस सुटते. म्हणून गाईड घेऊन पुन्हा त्याच्याकडून ‘पाच बीच, दोन व्ह्यू पॉइंट, एक खरेदी’ असा कार्यक्रम करून घेतलात, तर पैसे खासगी सहलीचे गेले आणि दिवस बसच्या सहलीचा मिळाला. दोन बीच आणि मध्ये एक जुनी जागा. त्याहून जास्त नको.

सेंट जॉनवर विमानतळ नाही. सेंट थॉमसच्या पूर्व टोकाला रेड हुक आहे, तिथून फेरीनं क्रूझ बे गावात साधारण वीस मिनिटांत पोहोचता. बेटाचा अर्ध्याहून जास्त भाग नॅशनल पार्क आहे. 1956 साली लॉरन्स रॉकफेलर यांनी दिलेल्या जमिनीवर तो सुरू झाला. त्यामुळेच उत्तर किनाऱ्यावर एकामागून एक बीच आहेत आणि त्यांच्या पाठीशी हॉटेलांच्या भिंती नाहीत, थेट जंगल उतरलेलं आहे. गाईडला सांगा, फेरीच्या धक्क्यावर भेट. सकाळी आठच्या आत क्रूझ बेला असाल असं बघा.

पहिला मुक्काम माहो बे. तुमच्या आईसाठी याहून सोयीचा बीच त्या बेटावर मला सुचत नाही. रस्ता अगदी वाळूला लागून जातो, गाडीतून उतरून चार पावलांवर पाणी. पाणी उथळ, बहुतेक दिवशी शांत. कमरेएवढ्या पाण्यात बरंच आत जाता येतं. तळाशी समुद्री गवत आहे आणि ते चरायला हिरवी कासवं येतात. सकाळी लवकर पाणी नितळ असतं तेव्हा कासव खाली मान घालून गवत ओरबाडताना दिसतं, मग हळूच वर येतं, नाक पाण्याबाहेर काढून एक श्वास घेतं आणि पुन्हा खाली जातं. त्याच्या मागे लागायचं नाही, हात लावायचा नाही. कायद्यानंही मनाई आहे. मुलाला हे आदल्या रात्रीच सांगून ठेवा, कारण समोर कासव दिसल्यावर सहा वर्षांचं पोर ऐकण्याच्या मनःस्थितीत नसतं.

आईला पाण्यात न्यायचं असेल तर साडी किंवा सुती सलवार-कमीज नको. सुती कपडा भिजला की जड होतो, पायांत अडकतो, आणि ओढणी तर धोक्याचीच. पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा टी-शर्ट आणि लेगिंग्ज घ्या; अंगभर कपडे राहतात आणि ऊनही लागत नाही. पायात रबरी तळाचे पाण्यातले बूट. गाईडकडे किंवा तुमच्याकडे एक घडीची खुर्ची हवीच. ती पाण्याच्या कडेला, लाट घोट्यापर्यंत येईल अशी मांडा. जमिनीवर बसून उठणं हे दुखऱ्या गुडघ्यांना सगळ्यात अवघड जातं, आणि बीचवर सगळे वाळूतच बसतात.

बाबांबद्दल थोडं सविस्तर बोलते. नदीत पोहलेल्या माणसाला पाण्याची भीती नसते, हे चांगलं आहे आणि काळजीचंही. मास्क लावून तोंडातल्या नळीनं श्वास घेणं ही वेगळी गोष्ट आहे. नळीत पाणी शिरलं की माणूस दचकतो, आणि सत्तरीतल्या हृदयाला तो दचका झेपेलच असं नाही. समुद्रावर स्नॉर्केलिंग करताना दगावणाऱ्यांत चांगले पोहणारे, वयस्क पुरुष पुष्कळ असतात. म्हणून निघण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना एकदा विचारा, विशेषतः रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर. पहिली दहा मिनिटं उभं राहता येईल एवढ्या पाण्यात, फक्त तोंड बुडवून श्वासाची सवय. अंगावर हवेचं स्नॉर्केल जॅकेट, ‘मला कशाला’ म्हणाले तरी. आणि गाईड किंवा जावई हाताच्या अंतरावर. दम लागल्यासारखं वाटलं की मास्क काढून उभं राहायचं, त्यात कमीपणा काही नाही. एवढं पाळलं तर माहोला त्यांना हवं ते सगळं दिसेल.

दहा-साडेदहाला तिथून निघून ॲनाबर्गला जा. डॅनिश काळातल्या साखर कारखान्याचे अवशेष आहेत, दगडी पवनचक्की आहे, आणि वरून थेट ब्रिटिश बेटांपर्यंतचा समुद्र दिसतो. पार्किंगपासून थोडा चढ आहे. आईला जमेल तेवढंच. खऱ्या अर्थानं गाईड लागतो तो इथे. या बेटावर 23 नोव्हेंबर 1733 रोजी गुलामांनी उठाव केला आणि बेटाचा बराचसा भाग कित्येक महिने ताब्यात ठेवला. शेवटी मार्टिनिकहून फ्रेंच सैन्य आणून तो मोडून काढावा लागला. गुलामगिरी 3 जुलै 1848 रोजी संपली. पुढे 1863 मध्ये कलकत्त्याहून तीनशेच्या वर गिरमिटिया, म्हणजे कराराने बांधलेले, मजूर शेजारच्या सेंट क्रॉइ बेटावर उसाच्या मळ्यांत आणले गेले. बाबांना इतिहासात रस असेल तर स्थानिक गाईडला हे विचारा. पुस्तकात दोन ओळींत संपणारी गोष्ट तो आपल्या घराण्याची म्हणून सांगतो. वाटेत एखादं मुंगूस आडवं गेलं तर तेही आपल्याकडचंच: एकोणिसाव्या शतकात उसातले उंदीर मारायला भारतातून कॅरिबियन बेटांवर मुंगसं नेली. उंदीर रात्री फिरतात, मुंगूस दिवसा, त्यामुळे उंदीर राहिले आणि मुंगसं कासवांची अंडी खाऊ लागली.

ट्रंक बे दुपारी. पोस्टकार्डावर असतो तो हाच बीच. सेंट थॉमसचं मुख्य शहर असलेल्या शार्लट अमालीच्या बंदरात मोठी क्रूझ जहाजं लागलेली असली की सकाळी दहा ते दुपारी दोन इथे पाय ठेवायला जागा नसते. मग जहाजावरची मंडळी परत निघतात आणि किनारा मोकळा होतो. म्हणून सगळ्यांच्या उलट क्रमानं जायचं. इथे स्वच्छतागृहं, कपडे बदलायची जागा आणि शॉवर आहेत, हे आईच्या दृष्टीनं मोलाचं. पार्कचं प्रवेश शुल्क इथेच लागतं, ते गाईडच्या रकमेत धरलंय का विचारून घ्या. पाण्याखाली तळाशी माहितीचे फलक लावलेली स्नॉर्केलची वाटही इथे आहे, पण ती बाबांनी सकाळी माहोला कसं निभावलं त्यावर ठरवा. फेब्रुवारीत अटलांटिकमधल्या दूरच्या वादळांमुळे उत्तरेकडून मोठ्या लाटा येतात, तेव्हा हाच शांत किनारा दोन-तीन दिवस पोहण्यालायक राहत नाही.

आणि गाईड पारखायचा प्रश्न हाच. त्याला फोनवर विचारा, ‘त्या दिवशी उत्तरेकडून लाट आली तर आम्हाला कुठे न्याल?’ ज्याला बेट माहीत आहे तो लगेच दुसऱ्या जागेचं नाव घेईल, तिथे आईला किती चालावं लागेल तेही सांगेल. जो ‘काळजी करू नका, हवा चांगलीच असते’ म्हणेल त्याला सोडा. बाकी विचारण्यासारखं थोडकंच आहे. नॅशनल पार्कात व्यवसाय करायचा परवाना आहे का. गाडी कुठली: तिथे ‘सफारी’ म्हणतात त्या ट्रकवर बाकं टाकलेल्या उघड्या गाड्या फार आहेत, पायरी उंच असते, तुम्हाला खालच्या पायरीची व्हॅन हवी. हवामानामुळे रद्द झालं तर पैसे परत मिळतात की तारीख बदलून मिळते. मुलासाठी बूस्टर सीट. हे सगळं लेखी, निदान मेसेजवर घ्या. आगाऊ रक्कम क्रेडिट कार्डानं द्या. अनोळखी माणसाला झेलनं (बँकेतून थेट पैसे पाठवायची अमेरिकेतली सोय) पाठवलेले पैसे परत मिळवणं फार कठीण.

पुढेमागे स्टॅम्पिंग झाल्यावर बोट घ्यायची हौस राहिलीच असेल तर एक लक्षात ठेवा: अमेरिकेच्या हद्दीत पैसे घेऊन माणसं नेणाऱ्या कॅप्टनकडे कोस्ट गार्डचं लायसन्स लागतं, आणि तपासणीचा दाखला नसलेल्या छोट्या बोटीवर सहापेक्षा जास्त प्रवासी घेता येत नाहीत. त्या सहांत लहान मुलंही मोजली जातात.

तिथे वाहनं डाव्या बाजूनं चालतात, पण गाड्या अमेरिकन, म्हणजे स्टिअरिंगही डावीकडेच. त्यात सेंट जॉनचा उत्तर किनाऱ्याचा रस्ता घाटाचा, एकेक वळण अगदी उलटं. आपण गाडी भाड्यानं घेऊन चालवू म्हणणाऱ्या नवऱ्याला हे सांगा. आईला पुढच्या सीटवर बसवा, आलेपाक हाताशी ठेवा.

खाण्याचं फार मनावर घेऊ नका. क्रूझ बेला किंवा सेंट थॉमसला ‘रोटी’ मिळते: आपल्या गिरमिटिया लोकांनी त्रिनिदादला नेलेली, आता सगळ्या कॅरिबियनची झालेली, आत बटाटा-छोल्याची करी भरून गुंडाळलेली. मागवताना मांस आणि मासे नकोत हे स्पष्ट सांगा, कारण तीच रोटी बकऱ्याच्या आणि कोंबडीच्या करीचीही असते. मक्याच्या पिठात भेंडी घालून केलेला ‘फंजी’ नावाचा गोळाही आईला ओळखीचा वाटेल. फक्त तो बहुतेकदा माशासोबत वाढतात. तरीही थेपले आणि दाण्याची चटणी बरोबर असू द्या. माहोला सकाळी नऊ वाजता सगळ्यांना भूक लागेल आणि तिथे भरवशाचं काही मिळेलच असं नाही.

काही गोष्टी तिथे गेल्यावर कळून उपयोग नसतो, म्हणून आत्ताच सांगते. त्या बेटांवर ऑक्सीबेन्झोन, ऑक्टिनॉक्सेट आणि ऑक्टोक्रिलीन असलेल्या सनस्क्रीनवर 2020 पासून बंदी आहे, प्रवाळ मरतं म्हणून. आई-बाबांनी भारतातून आणलेल्या ट्यूबवर ही नावं वाचून बघा आणि झिंक ऑक्साइडचं घेऊन जा. बीचच्या कडेला हिरव्या, लहान सफरचंदासारखी फळं पडलेली दिसली तर हात लावू नका. ते मँचिनीलचं झाड असतं. फळ विषारी, चीकही विषारी, पाऊस आला तर त्याच्या खाली उभंसुद्धा राहायचं नाही. काही झाडांवर लाल पट्टा रंगवलेला असतो, सगळ्यांवर नसतो. मुलाला आणि झाडाखाली सावली शोधणाऱ्या आईला, दोघांनाही गाईडकडून ते झाड ओळखून घ्यायला लावा. पार्कातून शंख-शिंपले, प्रवाळ, वाळू काहीही उचलून आणता येत नाही. फोनचं इंटरनॅशनल रोमिंग बंद ठेवा. उत्तर किनाऱ्यावर फोन समोरच्या ब्रिटिश बेटांचं नेटवर्क पकडतो आणि बिल येतं. फेब्रुवारीत तिथलं घड्याळ न्यू जर्सीच्या एक तास पुढे असतं.

पासपोर्ट मात्र सगळ्यांचे घ्या, अमेरिकेतच जातोय म्हणून घरी ठेवू नका. जाताना इमिग्रेशनची तपासणी नसते, पण सेंट थॉमसहून परतीचं विमान पकडताना विमानतळावर ती असते. तुमचे आय-797, सगळ्यांचे आय-94 (अमेरिकेतल्या प्रवेशाची नोंद) छापून पासपोर्टासोबत ठेवा.

एक छोटी गोष्ट आई-बाबांना आवडेल. तिथे दुकानदार असो, टॅक्सीवाला असो, आधी ‘गुड मॉर्निंग’ म्हणायचं, मग कामाचं बोलायचं. थेट किंमत विचारली तर उद्धट वाटतं. पोहण्याच्या कपड्यांत गावात हिंडणंही तिथल्या लोकांना रुचत नाही. शार्लट अमालीच्या मेन स्ट्रीटवर दागिन्यांची बरीच दुकानं भारतीयांची, त्यातही सिंधी मंडळींची आहेत, तेव्हा आईला हिंदीत गप्पा मारायला माणसं मिळतील.

राहिला बाबांचा प्रश्न. ते चुकीचं बोलत नाहीयेत. टॅक्सीचे दर सरकारनं माणशी ठरवून दिलेले आहेत, मीटर नसतो, आणि क्रूझ बेच्या धक्क्यावर टॅक्सी सहज मिळते. तुम्ही दोघं आणि मुलगा एवढेच असता आणि फक्त ट्रंक बेला जायचं असतं, तर गाईड घेऊ नका असंच मी सांगितलं असतं. पण टॅक्सी ट्रंक बेला सोडते आणि निघून जाते. माहोहून ॲनाबर्ग, मग आई थकली तर मधूनच परत, हे तिच्याकडून होत नाही. हा हिशेब त्यांच्यापुढे असाच मांडा, रक्कम लपवू नका. आणि तारीख ठरवायचं काम त्यांच्याकडे द्या: सेंट थॉमस बंदरात कुठल्या दिवशी किती जहाजं लागणार याचं वेळापत्रक ऑनलाइन असतं. तुमच्या चार दिवसांतला सगळ्यात कमी जहाजांचा दिवस त्यांनी शोधावा, रेड हुकची पहिली फेरी कितीला ते बघावं, आणि गाईडला फोन करताना शेजारी बसावं. लाटेचा प्रश्न त्यांनाच विचारू द्या.